इंजेक्शनने मागितलेली माफी

तोफखाना रडतो, ही बातमी लेथच्या कारखान्यात हां हां म्हणता पसरली. मालकाचं हे नाव कामगारांनीच ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. राग नाकाच्या शेंड्यावर आणि हाताला लागेल ते फेकायची सवय, दुसरं काय म्हणणार? पण प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, किरणोपचारानंतरही रक्तातला कॅन्सरचा आकडा चढत राहिला आणि डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. पुरुषी हार्मोनवर हा कॅन्सर पोसतो, म्हणून त्याचं खाणंच तोडायचं. आकडा उतरला आणि तोफखानाही थंडावला. पंख्याखाली बसून घामाने निथळायचा आणि कुणी सुट्टी मागायला आलं तरी त्याचे डोळे भरून यायचे.

"आई, बाबा किती गोड झालेत गं!" लेक म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या आईच्या. गोड म्हणे! जन्मभर मिरच्या चारायच्या आणि शेवटी चिमूटभर साखर, की झाला माणूस गोड. लेक बापाची लाडकी, तिचं काय जात होतं बोलायला.

त्याच आठवड्यात तो स्वयंपाकघरात येऊन बायकोसमोर बसला. कढईत फोडणी तडतडत होती.

"तुझा शिवणवर्ग मी बंद पाडला," तो हुंदके देत म्हणाला. "जेवायला उशीर झाला म्हणून त्या बायकांसमोर कापडं भिरकावली. माझं चुकलं."

त्या दिवशी गेलेल्या बायका परत कधी आल्या नाहीत. मशीन विकलं गेलं. त्यावर तिने आजवर ब्र काढला नव्हता. या एका वाक्याची तिने किती वाट पाहिली होती! आणि आता ते आलं, तर तिला कढई आपटावीशी वाटली.

"हे तुम्ही बोलताय की ते इंजेक्शन?" तिने विचारलं.

"मला नाही सांगता येत," तो म्हणाला. खोटं बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

पुढच्या तपासणीला लेकही सोबत होती. डॉक्टर म्हणाले, आकडा चांगला खाली आहे, काही काळ इंजेक्शन थांबवता येईल. रक्त तपासत राहू, आकडा चढला तर पुन्हा सुरू करू. असर उतरायला काही महिने लागतील, मग अंगात बळ येईल, घाम थांबेल, मनही पूर्वीसारखं होईल.

"नको, चालूच ठेवा," लेक घाईने म्हणाली. "असेच बरे आहेत बाबा."

तो बायकोकडे वळला. "थांबवलं आणि मी परत तसाच झालो तर?"

त्याला भीती वाटत होती. तिलाही वाटत होती; त्या आरडाओरड्याशिवायचं घर तिलाही हवंहवंसं झालं होतं. पण फुकटची शांतता घेऊन गप्प बसायचं, हेही पुन्हा तिनेच करायचं?

"थांबवा," ती डॉक्टरांना म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. आवाज चढला होता, बाहेर बसलेल्यांना ऐकू जात होता, आणि तिने तो खाली आणला नाही. "अंगात रग आली, हात फेकाफेकीला शिवशिवायला लागला, की तेव्हा माझ्यासमोर येऊन बसा. तेव्हा म्हणा, माझं चुकलं. आत्ताचं मी धरत नाही."