ढोलकीऐवजी कॅसेट

पुढ्यात हार्मोनियम असली की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत. पण अठ्ठ्याण्णव सालच्या गणेशोत्सवात मी खरोखरच कुणाचं ऐकलं नाही, आणि ते मला आजही खातं.

सुरुवात झाली आमच्या दियाच्या शाळेच्या प्रोजेक्टपासून. आम्ही राहायला अबुधाबीत, तिथे पोरगी पियानो शिकत होती. विषय मिळाला होता इटलीतलं जुनं मुखवट्यांचं विनोदी नाटक. त्यात म्हणे लिहिलेले संवादच नसतात. गोष्ट तेवढी ठरलेली, तीही एका कागदावर लिहून पडद्यामागे टांगलेली. कंजूष शेठ, दीडशहाणा डॉक्टर, बढाया मारणारा शिपाई आणि सदा भुकेला नोकर ही सोंगं पक्की, बाकी सगळं नट ऐन वेळी रचणार. पुढे तिकडच्या संगीतकारांना या सोंगांनी असं वेड लावलं की त्यांनी एकेकाच्या चालण्या-बोलण्यावरून सुरावटी बांधल्या, छोटे विनोदी ऑपेरा केले. दियाने दोन तुकडे वाजवून दाखवले. शेठ आला की सूर पाय ओढत चालायचे, नोकर आला की टणाटण उड्या मारायचे.

"अगं बाई, हे तर आपले सोंगाडेच की!" मी म्हटलं. "यंदा मंडळाच्या गणपतीत हेच करायचं."

मी एकदा मनावर घेतलं की घेतलं. चार सोंगांना चार चाली मी महिनाभर खपून बांधल्या. नोकराचं काम बापूंना दिलं. बापूंचा इथे जेवणाच्या डब्यांचा धंदा. पोट हे एवढं, पण स्टेजवर गेले की अंगात वारं शिरायचं. आणि ढोलकीवर दत्ताराम.

दत्ताराम मुसफ्फ्याला, शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. मूळचा संगमेश्वरकडचा. दर शुक्रवारी दुपारी तालमीला आमच्या फ्लॅटवर यायचा, ढोलकी जुन्या लुंगीत गुंडाळून. हातभर ठिणग्यांचे डाग. गावाला नमनात, म्हणजे कोकणातल्या सोंगांच्या खेळात, मृदंग वाजवायचा. मी त्याला इटलीचं सगळं पुराण सांगितलं, तर पठ्ठ्याला काही नवलच वाटलं नाही.

"आमच्या नमनात संकासुर असतो ना वहिनी, तोंडाला सोंग लावलेला. तो आता काय करणार ते त्यालाच ठाऊक नसतं, मग मृदंगवाल्याला कुठनं असणार? आपण त्याच्या पायांकडं बघायचं."

आणि तो तसंच वाजवायचा. बापूंनी पाय उचलला की खाली टेकायच्या क्षणाला थाप पडलेली असायची. बापू नाक वर करून शेजारच्या बिर्याणीचा वास घ्यायचे, की इकडे ढोलकीतून पोटातली गुरगुर. बापू दर तालमीला नवीन काहीतरी काढायचे आणि हा त्यांना एकदासुद्धा एकटं सोडायचा नाही. बघणारे हसून हसून लोळायचे. मी सोडून. कारण त्या हशात माझ्या चाली कुणाला ऐकूच येत नव्हत्या. खरं कारण हेच, उगाच दुसरं कशाला सांगू?

निमित्त मात्र दुसरं मिळालं. मंडळाने आम्हाला चाळीस मिनिटं दिली होती, आणि पंधरा दिवस आधीची तालीम तासावर गेली. मी अशी भडकले म्हणता! "ही तालीम आहे की धुळवड?" दत्ताराम बिचारा म्हणाला, "तुम्ही सांगाल तिथं थांबतो, वहिनी." पण मला थांबायचं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी अख्खं म्युझिक एका कीबोर्डवाल्याकडून कॅसेटवर उतरवून घेतलं, ढोलकीसुद्धा त्यातच. बरोबर चाळीस मिनिटं.

तो राहायचा त्या लेबर कॅम्पवर फोन लावला. "दत्ताराम, म्युझिक रेकॉर्ड झालंय. आता ढोलकी नको. खलास."

तो "बरं वहिनी" म्हणाला.

दिया कॅसेट ऐकून म्हणाली, "बट आई, दे रोट इट टु साउंड मेड-अप." म्हणजे त्या लोकांनी सूर लिहिले खरे, पण ते आत्ताच सुचल्यासारखे वाटावेत म्हणून. मी तिला म्हटलं, "तू तुझा होमवर्क कर."

प्रयोगाच्या आदल्या दिवशी बापूंचा फोन आला.

"हेमाताई, एक सांगू? दत्ताराम यंदा गणपतीला गावी गेला नाही. तीन भावांत त्यांचा गणपती फिरतो, यंदा पाळी त्याची होती. दोन वर्षांनी रजा मिळाली होती, ती त्याने तालमी सुरू झाल्या तेव्हाच पुढे ढकलली. धाकट्या भावाला म्हणाला, तू बसव. का, तर वहिनींचं नाटक आहे."

"मग मला कसं नाही बोलला तो?"

"तुम्ही ऐकून घेता का कुणाचं?"

कोकणातला माणूस, त्यातून पाळीचा गणपती! मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण कॅसेट तयार होती, आणि केलेलं मोडायचं म्हणजे माझं चुकलं असं चारचौघांत कबूल करायचं. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू."

प्रयोगात पहिली पाच-सात मिनिटं छान गेली. मग पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीने बापूंसमोर आपल्या हातातला मोदक धरला. भुकेल्या नोकरासमोर मोदक! बापू सोडतात होय? स्टेजवरून उतरले, तिच्यापुढे लोटांगण घातलं, हॉल नुसता कोसळला. आणि कॅसेट आपली पुढे चाललेली. बापू परत येईपर्यंत शेठच्या एन्ट्रीला शिपायाचं म्युझिक वाजायला लागलं. बापू ते गाठायला धावले, मग थांबले, मग उगाचच नाचले. हशा विरला. लोक खुर्च्यांत चुळबुळायला लागले.

मी विंगेतून कॅसेट बंद केली. बापू स्टेजच्या मध्यावर, धापा टाकत, माझ्याकडे बघत उभे. हॉलमध्ये फक्त एसीचा आवाज.

तेव्हा मला दत्ताराम दिसला. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. इस्त्रीचा शर्ट. ढोलकी मांडीवर, लुंगी सोडून बाजूला ठेवलेली. तो सरळ माझ्याकडे बघत होता. मी नुसती मान हलवली असती, तर चार पावलांत तो स्टेजवर आला असता.

आणि माझ्या मनात काय आलं? उद्या सगळे म्हणतील, हेमाचं म्युझिक पडलं, ढोलकीवाल्याने वाचवलं.

मी कॅसेट पुन्हा सुरू केली.

नाटक बरोबर चाळीस मिनिटांत संपलं. घरचीच माणसं, टाळ्या वाजवल्या त्यांनी. बापूंनी तोंडाचा रंग पुसला आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता निघून गेले.

पुढच्या शुक्रवारी बेसनाचे लाडू घेऊन मी मुसफ्फ्याला गेले. रस्ताभर मनातल्या मनात घोकत होते: दत्ताराम, माझं चुकलं. कॅम्पच्या दारात मला बघून तो धावतच खुर्ची घेऊन आला, चहा सांगितला. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "वहिनी, मी आलो होतो हां त्या दिवशी. ढोलकी घेऊनच. म्हटलं, लागलीच तर."

इतकं घोकलेलं, आणि माझ्या तोंडून निघालं ते हे. "हो का? अहो, मला दिसलाच नाहीत तुम्ही!"

त्याचा चेहरा असा काही उजळला!

"तरीच! बापू म्हणतात, वहिनींनी बघून न बघितल्यासारखं केलं. मी भांडलो त्यांच्याशी. चांगला कडाडून भांडलो. म्हटलं, मी दिसलो असतो तर वहिनींनी मला बोलावलं नसतं काय? माणसाला असं वाईट बोलू नये. त्या दिवसापासून बोलत नाही मी त्यांच्याशी."

तेव्हा तरी खरं सांगायचं ना! नाही सांगितलं. मी चहा प्यायले आणि घरी आले.

दोन हजार साली त्याची कंपनी बंद पडली आणि तो कायमचा गावी गेला. जायच्या दिवशी बापू एअरपोर्टवर गेले होते त्याला भेटायला. तो त्यांच्याशी बोलला नाही.