सहा तोळ्यांचा गोफ

मुलांनो, सोनाराचा लहान तराजू डोळ्यांसमोर आणा. पितळेची दोन पारडी, मधे बारीक काटा. जवळ जाऊन श्वास सोडला तरी हलेल असा. आता असं समजा, की घरातली सगळी माणसं त्या काट्याकडे बघताहेत आणि तुमच्या काकीला चोर म्हणायचं की नाही, ते त्यावर ठरणार आहे. गाव साक्रीजवळचं, साल सत्याऐंशी, वेळ कलत्या दुपारची. तिथे बेबीच्या शेजारी उभे राहा. बेबी सहावीत होती.

तिची लताकाकी बोदवडची. भावाच्या लग्नासाठी ती माहेरी गेली, तेव्हा पहिल्यांदाच गळ्यात गोफ घालून गेली. गोफ म्हणजे सोन्याची जाड, विणलेली साखळी. काकीच्या लग्नात सासरच्यांनी जळगावच्या दुकानातून तो घेतला होता आणि तो सहा तोळ्यांचा आहे हे घरातल्या पोराटोरांनाही पाठ होतं. या घराची एक रीत होती. दागिना परगावी जाऊन आला की तोलल्याशिवाय पेटीत ठेवायचा नाही. म्हणून बेबीच्या आजीने, धुरपदाबाईंनी, गावातल्या छगन सोनाराला बोलावलं होतं.

छगननानांनी एका पारड्यात गोफ ठेवला, दुसऱ्यात आपली काळवंडलेली वजनं. एक काढलं, एक घातलं. पुन्हा बदललं. मग त्यांनी चष्मा पुसला.

"पाच तोळा," ते हळूच म्हणाले, "आणि वर पावणेदोन मासा."

बारा माशांचा एक तोळा. म्हणजे तोळ्याहून थोडंच कमी इतकं सोनं गायब!

"लता," आजी आपल्या अहिराणीत म्हणाली, "बाकीनं सोनं कोठे शे?"

"आत्याबाई, गळ्यातून काढलासुद्धा नाही मी."

"मंग काय उडी गयं? तुना भाऊना लगीनमा हौस व्हयनी, आणि मना गोफन्या कड्या गयात!"

ओट्यावर शेजारच्या भागाबाई आणि आणखी दोघी-तिघी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. भागाबाईंनी तर पदर तोंडाला लावून मोठ्याने "अगं बाई" केलं.

"जीवराम," आजीने धाकट्या मुलाला, लताच्या नवऱ्याला हाक मारली, "सांजनी गाडीवर इले बोदवडले लई जाय. सोनं लई ईन तवय घरमा पाय ठेवजो म्हणा."

जीवरामकाका खाली मान घालून उभे राहिले. काकी आत गेली आणि पिशवी भरू लागली. बेबी तिच्यामागे गेली.

"काकी, दुकानात तोललं तेव्हा तू होतीस?"

"होते ना. माझ्यासमोर तोललं. एक मोठं वजन, त्यावर पन्नास लिहिलेलं. एक लहान, त्यावर दहा. शेटजी म्हणाले, घ्या, सहा तोळे."

पन्नास आणि दहा. बेबीने तशी वजनं पाहिली होती. ती धावतच शाळेत गेली. गुरुजी वह्या तपासत बसले होते. तिने विज्ञानाच्या कपाटातली वजनांची पेटी मागितली. तिचं तोंड बघून गुरुजींनी लगेच पेटी काढून दिली. "हरवू नको," एवढंच म्हणाले.

परत येताना मात्र ती वाटेत थांबली. गोफ या वजनांनाही कमी भरला तर? मग काकीला चोर ठरवणारी तीच.

"नाना," ती सोनारासमोर बसली, "हे ठेवून बघा. पन्नास ग्रॅम आणि दहा ग्रॅम."

"आते पोरगी मना काटा तपासाले बसनी!" नाना हसले, पण त्यांनी वजनं घेतली.

पारडी वर-खाली झाली. काटा डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. काकी दारात पिशवी धरून उभी होती. काटा मधोमध थांबला.

"ती शाळानी खेळणी," आजी म्हणाली. "तिन्हावर काय भरोसा?"

नाना मात्र हसायचे थांबले होते. त्यांनी गोफ काढला आणि त्या जागी आपली वजनं ठेवली, पाच तोळे, पावणेदोन मासे. काटा पुन्हा मधोमध. मग पुरे सहा तोळे ठेवले. आता तोळ्यांचं पारडं खाली गेलं आणि शाळेची वजनं वर उचलली गेली.

"धुरपदाअक्का," नाना म्हणाले, "मना काटा बी खरा, दुकानना बी खरा. मना तोळा जुना शे, पावणेबारा ग्रॅमले थोडासा कमी. दुकानवाला दहा ग्रॅमले तोळा म्हणतस. त्यास्ना सहा तोळा म्हणजे साठ ग्रॅम. गोफ साठ ग्रॅमना शे, बठ्ठाना बठ्ठा. मी आधीच ग्रॅममा तोलाले जोयजे व्हतं."

मुलांनो, हवं तर तुम्ही हिशेब करून बघा. जुने पाच तोळे म्हणजे अठ्ठावन्न ग्रॅमच्या थोडं वर. मासा जवळजवळ ग्रॅमएवढा. पावणेदोन मासे मिळवा, साठ होतात.

"चला, मिटनं," आजी म्हणाली आणि गोफ पेटीत ठेवायला उचलला. जीवरामकाकांनी काकीच्या हातातली पिशवी घेतली. काकीने ती दिली, पण तिची मान वर झाली नाही. ओट्यावरून भागाबाईंचा आवाज येत होता. "तोळाभर सोनं गयं म्हणे..."

बेबीने नानांचे तोळे पारड्यातून काढले, आजीच्या हातातून गोफ घेतला आणि तो पुन्हा तिथे ठेवला. शाळेची वजनं दुसऱ्या पारड्यातून उचलून त्यांच्या पेटीत परत घातली. मग ती ओट्यावर गेली.

"भागाअक्का, तुम्ही बठ्ठ्या जणी मझार या," ती घरात बोट दाखवत म्हणाली. "आम्ही पहिल्यापासून तोलतोय."