लाड बाजारातल्या हिरव्या बांगड्या

"आता?" पाठीमागून कौसल्यानं इचारलं.

"आता काय?"

"काई ऐकू आलं का?"

"नाई."

तिनं हातातल्या लाखेच्या बांगड्या पुन्हा गादीवर ठेवल्या. दुकानदार हसला. "अम्मा, ये लाख के हैं. ये बजते नहीं, देखने के हैं."

"देखने के नको," ती म्हने. "बजने के दाखव."

बायकोची बांगड्यांची हौस मले ठाऊक होती, पन त्या रात्री डोकं फिरलं माह्यं. सकाळी आठले तिले हैदराबादच्या दवाखान्यात भरती करायचं होतं. नरड्यात गाठ. डॉक्टर म्हनले होते, जीव वाचवतो, आवाजाचं सांगता येत नाई. आतापासूनच ओरडायची मनाई. अन् ही बाई रमजानच्या गर्दीत, चारमिनारच्या पायथ्याशी, बांगड्या वाजवून राह्यली!

त्यात मी अर्धा बहिरा. यवतमाळच्या जिनिंगात तीस वर्सं फिटर होतो. चोवीस मशीनी एकदम घरघरल्या का मानूस इशाऱ्यानंच बोलते. घरी तिनं चार हाका माराव्या तवा म्या एक 'ओ' द्यावी. मंग कापसाचं मातेरं झालं. दोन हंगाम गेटवर धड गाड्या नाईत. मालकानं कुलूप ठोकलं. घरी बसल्या बसल्या पहिल्यांदा ध्यानात आलं का ही बाई भाकरी थापता थापता गुनगुनते. चार महिने ऐकलं असंन नसंन, तोच आवाज घोगरा झाला.

"चाल ना वं," म्या म्हनलं. "हे चोचले कायले?"

"तुमी तिकडं तोंड करा. हां. आता?"

"नाई!"

"माय वं! सारंच बहिरं झालं का आज?"

दुकानातल्या चार बुरखेवाल्या बाया हसल्या. मले राग आला. "वाजव तू रातभर. मी बाहीर उभा आहो."

उभा कसला राह्यतो? शेवयांचे ढीग, अत्तरवाले, चपला, 'सौ में दो, सौ में दो'. एक हातगाडी आली, सरकलो. दुसरी आली, अजून सरकलो. मांगं वळून पाह्यलं तं सारी दुकानं सारखी. सगळीकडं लाइटा, सगळीकडं बांगड्या. एका दुकानात शिरलो, दुसऱ्यात शिरलो. कौसल्या नाई.

मोबाईल आमचा एकच, तो तिच्या पिशवीत. लॉजचं नावही तिलेच पाठ. "अवं! अवं!" म्हनून बोंबललो. अठ्ठावीस वर्सं तिले ह्याच नावानं हाक मारली, पन हैदराबादेत त्यानं कोन वळून पाह्यते? उद्या जिचं नरडं कापनार ती ह्या गर्दीत कोनाले हाक मारंन? मारलीच तं घोगरी. अन् ऐकनारा कोन, तं मी.

तीन चकरा मारल्या. चौथ्या चकरेले डोक्यावरच्या खांबावर पोलिसांचा भोंगा खरखरला.

"एक अम्मा आए हैं, उनके मियां गुम गए. अम्मा, नाम बोलो मियां का."

भोंग्यात नुसती खरखर.

"बोलो ना अम्मा, शरमाओ नक्को!"

भोंग्यात कोनी तरी खाकरलं. ते खाकरनं मले हजारात ओळखू आलं असतं.

"चारमिनारच्या उजेडात लागेना ठाव,
कोनी पाह्यले का हो माह्ये पुंडलिकराव?"

बाजार थांबला गिंबला नाई. 'सौ में दो' चालूच होतं. मीच थांबलो, भोंग्याखाली, तोंड वर करून. माह्यं नाव तिच्या तोंडून लग्नात एकदाच निघालं होतं, तेही वाजंत्र्यात अर्धंच कानी पडलं.

पोलिसांच्या मांडवात पोचलो तं बाई खुर्चीवर बसून चहा पिऊन राह्यली होती.

"गेलते कुठं?"

"अवं, तुले ओरडायची मनाई हाय ना!"

"मी कुठं ओरडली? भोंगा ओरडला."

हवालदार हसू लागला.

परतताना नेहमीसारखा मी पुढं, ती मांगं. दहा पावलं गेलो असंन तं मांगून आलं, छन्न, छन्न. वळून पाह्यलं. तिच्या दोन्ही हातांत जाड काचेच्या हिरव्या बांगड्या.

"आलं ऐकू?"

"आलं."

"हां," म्हने, अन् पदर सावरून चालू लागली.

ऑपरेशन झालं, जीव वाचला. आवाज तिथंच राह्यला.

जिनिंगच्या मशीनी पुढं भंगारात गेल्या. मी आता अंगनात लोकाइचे फवारनीचे पंप दुरुस्त करतो. घरातून दोनदा छन्न झालं का चहा, तीनदा झालं का जेवन, अन् सारखं वाजतच राह्यलं तं समजाचं का बाई रागावली. शेजारी म्हनतात, पुंडलिकरावचे कान सुधरले.

परवा हातपंपावर दोन बांगड्या फुटल्या. आमी दोघं यवतमाळच्या बाजारात कासाराकडं गेलो. तिनं खुनवायच्या आधीच मी दुकानाकडं पाठ करून उभा राह्यलो.