साट

डोकं फिरते माह्यं, अजूनही! मुंबईच्या हापिसात पाच वर्सं म्या कॉम्प्युटरच्या कार्डाइले भोकं पाडली, म्हंजे पंचिंग केलं. मंग रिकाम्या येळात शिकून एक प्रोग्राम लिवला. कार्डं टाका, नाव-गावाची यादी छापून घ्या. सारं हापिस तोच वापरे.

मंग नवं मशीन आलं. त्याची सिस्टीम येगळी, माह्या प्रोग्रामले ते दारातही उभं करे ना. साहेब म्हणाले, "इंद्रभान, दीड महिन्यानंतर, शनिवारी चाचणी आहे. त्यात हा नव्यावर चालला, तर तुम्ही प्रोग्रामर. नाहीतर पंचिंग आहेच."

सहा हप्ते म्या एकेक ओळ बदलली. अन् बहिनीच्या, बेबीच्या लग्नासाठी शेलूबाजारले आलो, तं मांडवातच साहेबाची तार! "नाव-गावाची लांबी कळवा." जुनं मशीन लांबी सोताच समजून घे; नव्याले आधी सांगा लागे. आता हे मले कोनं सांगतलं होतं?

हळदीच्या अंगानं मंगरूळच्या पोस्टात गेलो. पोस्टमास्तर दौलतसिंगनं ट्रंक कॉल लावला. दोन घंटे बसलो. लागला तं नुसती खरखर. नाव-गाव मिळून सहावर शून्य, इतकी अक्षरं पाह्यजे होती. म्या गळा फाडून वरडलो, "साट! साहेब, साट!"

"कळलं," म्हणाले.

सोमवारी पुन्ना पोस्टातून फोन लावला.

"सगळी नावं सातव्या अक्षरावर तुटली," साहेब म्हणाले. "सात कशाला सांगितलंत?"

"सात नाई हो! साट!"

"बघा, परत सातच म्हणताय. आता दुसऱ्याचा प्रोग्राम घेतलाय. गुरुवारी पंचिंगला या. आणि इंद्रभान, जरा शुद्ध बोलायला शिका."

फोन कटला. असा संताप आला का रिसीव्हर भिताडावर आपटावा! प्रोग्रामातली एकेक ओळ त्या मशीनच्या भाषेत बसवली, अन् एका आकड्यापाई सारं मातीत. चुकलो असतो तं गुमान आयकलं असतं. पन चुकलो कुठं?

"काय झालं बापू?" दौलतसिंगनं इचारलं. म्या सांगतलं.

तो बिचारा काउंटरमागून भाईर आला. "सात? काहून सात? मी इथंच उभा होतो ना. साफ आयकलं म्या. तू साटच म्हनला होता."