आट्यांच्या फणीची गंजलेली बाजू

हसू नका हो, मी बोलतेय! तोंडभर दात असलेली म्हातारी पाहिली नाही का कधी? मी आट्यांची फणी. स्क्रूवर गोल गोल फिरत जाणाऱ्या खाचा असतात ना, ते आटे. ते किती दाट, किती विरळ, हे मी ओळखते. केस विंचरायला मात्र घेऊ नका, टाळू सोलून निघेल.

कारखान्यात पोलादाच्या पट्टीतून माझी पाती कापली, प्रत्येकाला वेगळे दात पाडले आणि कपाळावर आकडा ठोकला. एका टोकाला मिलिमीटरवाली पाती, दुसऱ्या टोकाला इंचवाली. माझं शिक्षण म्हणाल तर एवढंच, कपाळावरचे आकडे.

एका फिटरने मला विकत घेतलं. आधी शर्टाच्या खिशात घालून मिरवायचा. पुढे त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा वाढला आणि मी गेले खोक्याच्या तळाशी. त्याची बायको सुतारकाम करायची. तिने मला वर काढलं ते रंगाचा वाळलेला ब्रश विंचरायला! फिटर तर माझ्याने पाठ खाजवायचा. इंचाची बाजू कुणी उघडलीच नाही, ती गंजून मिटली. मीही रुसून बसले. आयतं कारण मिळालं होतं, कोण सोडतंय!

मग एक दिवस फिटरची बहीण आली. खानावळीत भाजी चिरायची ती. आजारपणाने तिची बोटं आखडली होती, सुरीची बारीक मूठ हातात राहीना.

"वहिनी, सोमवारी कामावर जायचंय," ती म्हणाली. "सुरी धरता आली तर माझी जागा माझी. नाही तर ताटं घासायला बसवणार."

"ताटं घासतील तुमचे दुश्मन, वन्सं. आणा ती सुरी इकडे."

सुरी जुनी, पण पातं लखलखीत. पात्याच्या मागे एक दांडी, ती मुठीतून आरपार जायची आणि टोकाच्या आट्यांवर पितळी टोपी फिरवली की घट्ट बसायची. जुनी मूठ चिरली होती, टोपी हरवली होती. वहिनीने बहिणीच्या हाताची मूठ ओल्या मातीत दाबून घेतली आणि त्या ठशावरून जाडजूड लाकडी मूठ घडवली. राहिली टोपी.

"आठ एमएमचे आटे आहेत, डोळे झाकून सांगतो," फिटर म्हणाला आणि एक नट घेऊन फिरवू लागला. दोन फेरे गेला आणि अडला. याने पाना लावला.

"दादा, थांब!"

नट कसाबसा उलटा निघाला. पहिला आटा चेपला होता.

"डोळे झाकून सांगितलंत म्हणूनच हे झालं," वहिनी म्हणाली. "अजून एकदा जोर लावलात तर दांडी गेली, आणि यांचं कामही गेलं."

फिटरने नट खाली ठेवला. मग स्वतःच मला घेऊन आला. मिलिमीटरचं एकेक पातं दांडीवर धरून उजेडाकडे बघितलं. प्रत्येकाखालून उजेड डोकावत होता, म्हणजे एकही नीट बसत नव्हतं. शेवटी त्याने मला रॉकेलमध्ये बुडवून गंजलेली बाजू उघडली. जाता जाता मी त्याचं बोट चिमटलं. एवढं चालतं.

अठराचं पातं, म्हणजे इंचाला अठरा आटे, दांडीवर बसलं. उजेडाची रेघसुद्धा नाही!

"इंचाचे आहेत गं," तो हळूच म्हणाला.

आता त्याच आट्यांचा टॅप हवा, पितळेच्या नव्या टोपीत आतून आटे कापायला. हार्डवेअरच्या दुकानांत सगळीकडे मिलिमीटरचेच. शेवटी जुन्या छापखान्याच्या मिस्त्रीकडे मिळाला.

"नेतोस ने," मिस्त्री म्हणाला, "पण तेल टाकत, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. घाई केलीस तर आत तुटेल, मग रडत माझ्याकडे यायचं नाही."

फिटरने दांडीचा चेपलेला आटा कानशीने सरळ केला आणि दुपारभर टॅप फिरवला. बायको तेल टाकत होती आणि टोमणेही. टोपी तयार झाली, दांडीवर बोटानेच फिरत गेली आणि घट्ट बसली.

बहिणीने सुरी धरली. गाजर घेतलं. पहिले तुकडे जाडे, वाकडेतिकडे.

"वहिनी, ही चिरलेली गाजरं की दारात ठोकायच्या पाचरी?"

"पाचरी ठोकायला मी आहे, वन्सं. तुम्ही चकत्या करा."

तिने दुसरं गाजर घेतलं. चकत्या बारीक होत गेल्या, हात पुढे सरकत राहिला. फिटर खिडकीकडे तोंड करून उगाच पाना पुसत बसला. सोमवारी सकाळी ती सुरी फडक्यात गुंडाळून कामावर गेली.

मी हल्ली वहिनीच्या कामाच्या मेजावर असते, दोन्ही बाजू उघड्या. बाबांनो, नट अडला की जोर लावू नका, आधी मला विचारा. कुणाच्या तरी हातचं काम त्याच्यावर टेकलेलं असतं. आणि अधूनमधून दोन थेंब तेल द्या, मग मी चावणार नाही. बहुतेक.