शनिवारी बंद केलेला पाळणा

मी एक जुना पाळणा आहे, मित्रांनो. बाळाचा नव्हे, रक्तपेढीतला. पत्र्याचे कप्पे, खाली मोटर आणि दिवसरात्र डावीकडे-उजवीकडे झुलणं, एवढंच माझं आयुष्य. झुलताना माझी खटखट व्हायची. तिला सगळे वैतागलेले असत.

तुम्ही म्हणाल, रक्ताला झुलवायचं कशाला? रक्त म्हणजे नुसतं लाल पाणी नसतं. पिशवी यंत्रात गरगर फिरवली की त्याचे थर होतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. त्यांची रवानगी फ्रिजमध्ये. पिवळसर रक्तद्रव अन्न-पाणी अंगभर पोचवतो. त्याला गोठवून ठेवतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, पण परक्या अंगात गेल्या की तिथेही भांडण काढतात, म्हणून त्या शक्यतो गाळून टाकतात. उरल्या प्लेटलेट. जखम झाली की धावत जाऊन भोक बुजवायचं, हे त्यांचं काम. पण नखरे फार. थंडी सोसत नाही, स्वस्थ ठेवलं तर वाया जातात. त्या माझ्या वाट्याला आल्या. फ्रिजला नवं कव्हर मिळालं, मला शिव्या.

एका शुक्रवारी मामा रक्त देऊन गेले. ते नेमाने येणारे, म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणत. शनिवारी शेजारच्या खोलीत त्यांच्यासारख्या रक्तदात्यांचा सत्कार होता. रक्ताचा थेंब न् थेंब कसा मोलाचा, यावर पेढीचे मोठे साहेब बोलायला उभे राहिले आणि अडखळले.

"ती कटकट बंद करा रे जरा."

शिपायाने माझं बटण बंद केलं. टाळ्या झाल्या, चहा झाला, सगळे घरी गेले. मला पुन्हा चालू करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. रविवारी पेढी बंद होती.

सोमवारी मामा धापा टाकत खिडकीशी आले.

"ताई, भाची दवाखान्यात आहे. तापाने प्लेटलेट पार उतरल्यात, हिरड्यांतून रक्त येतंय. लगेच द्या."

तंत्रज्ञ ताईंनी पिशवी उजेडात धरून हलवली. प्लेटलेट चांगल्या असतील तर आत धुरासारखी वलयं फिरतात. काहीच फिरलं नाही. दुसरी पिशवी धरली, तिसरी धरली. मग त्यांनी माझ्या बंद बटणाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मशीन बिघडलंय, मामा," मागून साहेब म्हणाले.

"अहो, शुक्रवारीच तर दिलं मी."

दुसऱ्या गावाहून पिशव्या यायला संध्याकाळ झाली. भाची दुपारीच गेली.

मी बिघडलो नव्हतो, मित्रांनो. मला बंद केलं होतं. ताईंना हे ठाऊक आहे, त्या गप्प राहिल्या. मला मात्र भंगारात काढून जिन्याखाली ढकललं.

मामा अजूनही रक्त द्यायला येतात. परवा कोपरावर कापूस दाबून ते माझ्यापाशी थांबले.

"हेच ना ते?"

"हो," शिपाई म्हणाला आणि खाली बघत राहिला.

मामा नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्यापेक्षा लाथ परवडली असती.

तुमच्या जवळपास एखादं यंत्र खटखट करत असेल, तर बंद करण्याआधी विचारा, ते कुणासाठी चाललंय. आणि बंद केलंच, तर निदान आपण केलं म्हणून सांगा.