झुल्मिरा मावशीचा निळा पंखा

मित्रांनो, मी एक जुना टेबलपंखा आहे. आयुष्यात माझं कौतुक करणारी माणसं पुष्कळ भेटली, आणि मी त्या सगळ्यांवर विश्वास ठेवला. माझी गोष्ट तिथेच बिघडली.

माझा जन्म ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या एका कारखान्यात झाला. निळा रंग, लोखंडी जाळी, तीन पाती आणि कुणी ढकललं तरी हलणार नाही असं जड बूड. ट्रकमध्ये आठ दिवस हाडं खिळखिळी करून घेत मी उत्तरेला, कारुआरूच्या बाजारात आलो. तिथे झुल्मिरा मावशीने मला निवडलं. दुकानदाराने तीन पंखे चालू करून दाखवले. मावशीने प्रत्येकासमोर तोंड नेलं आणि भर बाजारात आरोळी ठोकली, "पाऊस आला!" माझ्या पात्यांवर आपटून तिचा आवाज थरथरत परत गेला, तशी ती खदखदून हसली. "हाच द्या," ती म्हणाली. "हा उलट बोलतो. घरी कुणीतरी उलट बोलणारं हवंच."

मावशी शिवणकाम करायची, पण गावात तिची ओळख होती ती आवाजासाठी. जूनमध्ये साओ जोआओचा सण आला की आमच्या गल्लीत जोड्यांचा नाच व्हायचा आणि तो पुकारायची मावशी. "पुढे चला! मागे फिरा!" ती सांगेल तसे चाळीस जण वळायचे. मध्येच ती ओरडायची, "पाऊस आला!" सगळे डोक्यावर हात घेऊन पळायचे. मग तीच ओरडायची, "खोटं!" आणि सगळे हसत माघारी यायचे. सव्वीस वर्षं तिने हा नाच पुकारला, तोही लाउडस्पीकरशिवाय. तो नाच नसता तर मावशी उरलेले अकरा महिने कशासाठी जगली असती, कोण जाणे.

ती माझी फार काळजी घ्यायची. शिवणयंत्राचं तेल आधी मला, मग यंत्राला. दर शनिवारी जाळी काढून पाती पुसायची. मीही इमानाने वारा घातला. ती दहा वर्षं सुखाची होती.

मग तिची भाची इवानेइदे हिने घराच्या पुढच्या खोलीत केस सरळ करायचं दुकान काढलं. मावशीचं यंत्र मागच्या खोलीत गेलं आणि मधे फुलाफुलांचा पडदा आला. इवानेइदे केसांना डब्यातलं मलम लावायची आणि तापलेल्या इस्त्रीने एकेक बट दाबत न्यायची. इस्त्री टेकली की चर्र आवाज व्हायचा आणि पांढरा धूर उठायचा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. पण तक्रार कोण करतंय? उलट बायका म्हणायच्या, "डोळ्यात पाणी नाही, तर मलम कसलं? पाणी घातलंस की काय त्यात?"

धूर रस्त्यावर जायचा तेव्हा शेजारी मक्याचा केक विकणारा कटकट करायचा. "माझ्या केकला तुझ्या मलमाचा वास लागतोय, बाई!" शेवटी मावशीनेच मला उचलून पुढे आणलं. "घे गं, माझ्यापेक्षा तुला गरज आहे," असं म्हणून तिने मला रस्त्याच्या दाराशी ठेवलं आणि माझं तोंड आत वळवलं. मी फिरू लागलो. धूर खुर्चीवरून मागे सरकला, पडदा हलला, आणि पुढची खोली बघता बघता स्वच्छ झाली. बायकांनी मला दुवा दिला. "काय पंखा आहे! धूर खाऊन टाकतो!" मला ते खरं वाटलं. कौतुक कोणाला नको असतं?

पुढच्या उन्हाळ्यानंतर मावशी खोकू लागली. आधी सकाळी, मग दिवसभर. डोळे लाल, घसा खरखरीत. गल्लीतल्या बायकांनी लगेच निदान केलं, "आरपार वारा बाधला! पुढे पंखा, मागे खिडकी, मधे म्हातारी. दुसरं काय होणार?" आमच्या गावात आरपार वाऱ्याला साप-विंचवाहून जास्त भितात. इवानेइदेचा मावशीवर जीव होता. तिने त्याच दिवशी मागची खिडकी खिळे ठोकून बंद केली, मावशीच्या गळ्याभोवती लोकरीची शाल गुंडाळली आणि तिला मध-लिंबू पाजलं. मला मात्र कोणी बंद केलं नाही. मी पडद्यावर वारा घालत राहिलो. पडद्यापलीकडून मला तिचा खोकला ऐकू येत होता, आणि दर आठवड्याला तो खोल जात होता.

मेच्या शेवटी शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एदिलेने बाई नाचाच्या झग्याचं माप द्यायला आल्या. पडदा सारून आत गेल्या आणि तिथेच थबकल्या.

"मावशी, कांदा चिरताय का?"

"कांदा कुठला? कापड चिरतेय." मावशीचा आवाज फाटका आला.

बाईंनी नाक फेंदारलं. "आमच्या शाळेच्या कपाटात बरणीतला बेडूक आहे. तुमच्या खोलीला त्याचा वास येतोय."

"बघा!" मावशी हसायला गेली आणि खोकली. "लग्न केलं नाही म्हणून लोकांनी मला काय काय म्हटलं. बेडूक तेवढं राहिलं होतं!"

दुसऱ्या दिवशी बाई एक बाटली आणि तीन बशा घेऊन आल्या. बाटलीत पाण्यासारखं काहीतरी होतं. गडद गुलाबी द्रवातला रंग घालवून ते केलेलं असतं, त्या म्हणाल्या, आणि त्याला फॉर्मॉल, म्हणजे बरणीतला बेडूक ज्यात बुडवून ठेवतात ते रसायन, भेटला की ते जांभळं होतं. एक बशी त्यांनी बाहेर ओट्यावर ठेवली, एक खुर्चीजवळ, एक मावशीच्या यंत्राशेजारी. मग इवानेइदेला म्हणाल्या, "चालू दे तुझं काम."

एका गिऱ्हाइकाचे केस होऊ दिले. मग बाईंनी तिन्ही बशा टेबलावर ओळीने मांडल्या. ओट्यावरची होती तशीच राहिली होती. खुर्चीजवळची फिकी गुलाबी झाली होती. मावशीजवळची जांभळाच्या रसासारखी गडद होती.

इवानेइदेने डबा उचलून पुढे धरला. "पण डब्यावर लिहिलंय की, फॉर्मॉल नाही म्हणून!"

"डबा गार असतो तेव्हा तो साळसूदच असतो," बाई म्हणाल्या. "तुझी इस्त्री टेकली की आतलं द्रव्य फुटतं आणि फॉर्मॉल सुटतो. तो फार चिकट गडी आहे. केसात शिरला की धाग्याला धागा टाचून टाकतो. पण केस कुठला आणि माणसाचा घसा कुठला, हे त्याला कुठे कळतं? भेटेल त्याला तो टाचतो."

"धूर तर पंखा खातो..."

"पंखा काही खात नाही, इवानेइदे. इथला उचलून तिथे टाकतो. आणि तिथली खिडकी तू बंद केलीस."

मित्रांनो, त्या क्षणी माझी पाती गळून पडली असती तर बरं झालं असतं. मी वर्षभर माझ्या मावशीच्या तोंडावर विष फुंकत होतो आणि शाबासकी घेत होतो. इवानेइदेला आधी कधीच शंका आली नव्हती असं मी म्हणणार नाही. तिचेही डोळे रात्री चुरचुरायचे. पण दारात बायकांची रांग असली की माणूस डोळे पुसतो आणि पुढची बट हातात घेतो.

तिने स्वतःच्या हाताने खिडकीचे खिळे उपटले. मला उचलून त्या खिडकीत ठेवलं, या वेळी तोंड बाहेर करून, जिकडे नुसतं पडीक परस होतं. पुढचं दार सताड उघडलं. मुरलेला वास गेला पाहिजे म्हणून पडदा आणि कापडाचे गठ्ठे धुवून उन्हात टाकले. डबे मोरीत ओतायला निघाली होती, तेव्हा बाईंनी हात धरला. "तिथून ते परत कुणाच्या तरी घरात जाईल. झाकण लाव, आरोग्य खात्यात देऊन येऊ."

सण तीन आठवड्यांवर होता. नाचाच्या पोरी केस सरळ करायला आल्या आणि दुकानात नुसती कात्री बघून भडकल्या. एक फणकारली, "मावशीचा आवाज बसला म्हणून आम्ही केस उभे ठेवून नाचायचं का?"

"नाचा," इवानेइदे म्हणाली. "नाही तर घरी बसा."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मावशीचा घसा तपासला. सूज उतरेल, त्या म्हणाल्या, पण आवाजाचं मी सांगू शकत नाही. मावशी रोज सकाळी परसात उभी राहून हळूच म्हणून बघायची, "पुढे चला." मी खिडकीतून ऐकायचो. रोज वाटायचं, आज येईल.

सणाच्या दिवशी संध्याकाळी गल्लीत रंगीत कागदाच्या पताका लागल्या. अकॉर्डियनवाला बसला. वीस जोड्या समोरासमोर उभ्या राहिल्या, कुणाचे केस कुरळे, कुणाचे पिंजारलेले. त्या दिवशी दुकान बंद होतं, म्हणून इवानेइदेने माझं तोंड आत वळवलं होतं; पुढचं दार आणि पडदा उघडे होते, तेव्हा मला खिडकीतून रस्त्यापर्यंत दिसत होतं. मावशी नवा झगा घालून ओट्यावर चढली. तिने हात वर केला, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

नुसता वारा आला.

तिने पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताठल्या. अकॉर्डियन थांबलं. कोणी हसलं नाही, कोणी हललं नाही.  मग इवानेइदे गर्दीतून वाट काढत ओट्यावर चढली आणि तिने आपला कान मावशीच्या तोंडाशी नेला. मावशी कुजबुजली. इवानेइदे ओरडली, "पुढे चला!"

जोड्या हलल्या. मावशी कुजबुजे, भाची ओरडे. तिसऱ्या-चौथ्या पुकाऱ्याला इवानेइदेला रडू फुटलं आणि पुकारा अर्धाच राहिला. मावशीने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. नंतर कितीतरी दिवस इवानेइदे तेच वाक्य केस कापता कापता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मावशी म्हणाली होती, "रडून वाया घालवू नकोस, गं. आता आपल्या दोघींत तेवढा एकच आवाज आहे."

मित्रांनो, मी अजून त्याच खिडकीत आहे आणि मावशी अजून कुजबुजतेच. तुमच्या घरात, दुकानात, कारखान्यात कसला धूर उठला, कसला वास डोळ्यांना झोंबला आणि कुणी पंखा लावून तो घालवला, तर शाबासकी देण्याआधी एवढंच करा: पंख्याच्या तोंडासमोर कोण बसलंय ते जाऊन बघा. मला तिचा खोकला ऐकू येत होता, पण मान वळवणं माझ्या हातात नव्हतं. तुमच्या हातात आहे.